विंडोज मारायच्या आधी

दिवाळीच्या झाडलोटीत कॉम्प्युटरचं टेबल हलतं, मागच्या वायरी निघतात, धूळ पुसून पुन्हा लागतात, आणि पाडव्याला गाणं लावावं तर स्पीकर गप्प. धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, त्यावर सल्ला ठरलेला मिळतो: ‘विंडोज मारून घ्या.’ म्हणजे विंडोज पुसून नव्याने टाका, त्याचे पैसे मोजा आणि घरचे फोटो, कागदपत्रंही धोक्यात घाला. माझं ठाम मत आहे की निव्वळ आवाजासाठी ही वेळ क्वचितच येते. शेतात पाणी पोचलं नाही तर आपण नवी विहीर खोदत नाही, पाइपलाइन धरून चालत जातो. आवाजही असाच शोधावा.

सुरुवात स्पीकरपासून करावी. तो मोबाइलला किंवा टीव्हीला लावून बघावा. तिथे वाजला तर दोष कॉम्प्युटरकडे आहे. मग मागची भोकं बघावीत. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं आणि निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं, म्हणजे लाइन-इन. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ या नियमावलीने रूढ केले. झाडलोटीनंतरचे निम्मे-अधिक गोंधळ हिरवी पिन गुलाबी भोकात गेल्याने होत असावेत, असं मला वाटतं.

पिन बरोबर असेल तर खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठे चालला आहे ते बघावं. मॉनिटर एचडीएमआय वायरीने जोडलेला असला तर विंडोज आवाज मॉनिटरकडे पाठवू शकते, आणि त्या मॉनिटरला बऱ्याचदा स्पीकरच नसतो. यादीतून खरा स्पीकर निवडला की काम झालं. यादीत तो दिसतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून साउंड कार्डाचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करावा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा. बहुतेक वेळा विंडोज तो स्वतःच पुन्हा बसवते. ब्लूटूथ हेडफोनवर ऑनलाइन तास सुरू झाला की आवाज एकदम फुटका, डब्यातल्यासारखा येतो. तो बिघाड नव्हे. हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज हलक्या दर्जावर उतरतो, एवढंच. वायरचा माइक लावला की सुधारतो.

आपल्या भागातला खरा त्रास मात्र वेगळा आहे: स्पीकरमधली अखंड घूंऽऽ. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ही घरघर ५० किंवा तिच्या दुपटीने १०० हर्ट्झची असते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर थांबली तर विंडोजचा काही संबंध नाही. दोष विजेच्या वाटेवर आहे आणि बऱ्याचदा अर्थिंगमध्ये आहे. आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा, खाली काळा पाषाण, वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. कोरड्या जमिनीत अर्थिंग कमजोर पडतं. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, उन्हाळ्यात पाणी सोडतात. घराच्या अर्थिंगकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. वायरमनकडून ते तपासून घ्या. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापायचा उद्योग कधीही करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

हे सगळं इतक्या कळकळीने सांगण्याचं कारण जुन्या कॅसेटी. तुळजापूरच्या आसपास ज्या घरांत गोंधळ आणि आराधी गाणी यांची परंपरा आहे, तिथे आजोबांच्या आवाजातली एखादी कॅसेट कपाटात असू शकते. टेप दरवर्षी झिजते. ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवता येते, मात्र जोडणी नीट करावी लागते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ती निळ्या भोकात लावावी, गुलाबी भोकात नाही; माइकचं भोक अगदी बारीक आवाजासाठी असतं, तिथे टेपचा आवाज फाटतो. बहुतेक लॅपटॉपना निळं भोक नसतं, त्यासाठी लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे.

पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सोय, विशेषतः पार्श्वभूमीची खरखर दाबणारी, रेकॉर्डिंगआधी बंद करा. एकसारखा चालणारा आवाज ती नको असलेला समजते, आणि तुणतुण्याचा सूर तर एकसारखाच चालतो. तोच पुसला जाऊ शकतो. पातळी ठरवताना तुणतुणं ऐकून ठरवू नका. संबळाची थाप अचानक उसळते, म्हणून सगळ्यात जोरात थाप पडेल तो भाग आधी वाजवून बघा आणि ऑडॅसिटीची पट्टी उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. कमी आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाभराच्या कॅसेटला ६०० एमबी. आजच्या पेनड्राइव्हला हे काहीच नाही. दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्ष लिहा. हे नाव सांगणारं माणूस घरात असेल तर त्याला शेजारी बसवूनच लिहा.