पिकांत उमटलेली तटबंदी

शेतात एखाद्या जागी मातीखाली खडक असला, की उन्हाचा ताण पडताच तेथील पीक आधी पिवळे पडते, हे आपल्याकडील कोणताही शेतकरी सांगेल. उलट एखादा जुना चर बुजला असेल, तर त्यावरील पीक खोल मातीतल्या ओलाव्यामुळे उंच व हिरवे राहते. या साध्या अनुभवावर एक शास्त्र उभे राहिले आहे. विमानातून भूमीकडे पाहून तिच्या पोटातील भिंती, रस्ते आणि खंदक ओळखावयाचे, हे त्याचे काम.

त्याचे एक सुंदर उदाहरण आज पाहू. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक परगण्यात, नॉर्विच शहराजवळ केस्टर सेंट एडमंड नावाचे खेडे आहे. रोमन काळी येथे ‘वेंटा आयसेनोरम’ हे नगर होते. आयसेनी ही तेथील स्थानिक जमात. तिच्या बोडिका राणीने इ.स. ६०-६१ मध्ये रोमनांविरुद्ध बंड पुकारले. ते मोडल्यानंतर या मुलखात रोमन पद्धतीचे हे नगर वसले. त्याचा गारगोटीच्या दगडांचा तट आजही उभा आहे. पण आत घरे नाहीत, रस्ते नाहीत. एका कोपऱ्यात जुने चर्च, आणि बाकी सारी मोकळी जमीन.

१९२८ सालचा उन्हाळा कोरडा गेला. २० जुलै रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या एका विमानातून या जागेची छायाचित्रे घेण्यात आली. पाहतात तो काय, उभ्या पिकात नगराचा नकाशाच उमटला होता! रस्त्यांची खडी व इमारतींचे पाये जेथे गाडले होते, तेथे मुळांना पाणी न मिळाल्याने पीक फिकट पडून एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रेघा दिसत होत्या. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ते केवळ कोमेजलेले पीक वाटले असते. त्या रेघांची जुळणी उंचावरूनच ध्यानात येते.

१९२९ साली हे चित्र ‘टाइम्स’ पत्रात झळकले आणि लोकांत मोठे कुतूहल निर्माण झाले. त्याच वर्षी डोनाल्ड ॲटकिन्सन यांनी उत्खनन सुरू केले. १९३५ पर्यंत चाललेल्या या कामात नगरचौक, स्नानगृहे, देवळे व वेशीचा दरवाजा उजेडात आले.

योगायोग असा, की या शास्त्राचा पाया घालणारे ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचा जन्म १८८६ साली मुंबईस झाला होता. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानातून टेहळणी केली, आणि पुढे तीच दृष्टी इतिहासाच्या कामी लावली.

परंतु केस्टरचे खरे कोडे तटाबाहेर होते. काही रस्ते तटाखालून जाऊन पलीकडे निघालेले दिसत होते. पुढील काळातील छायाचित्रांत तटाच्या बाहेर बुजलेल्या खंदकांच्या समांतर रेघाही आढळल्या. म्हणजे आज दिसणारा तट ही नगराची एकमेव सीमा नव्हती. तो तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला, आणि आधी आखलेल्या नगराचा काही भाग त्याने बाहेरच ठेवला. दगडाचा तट पाहणारा मनुष्य नगर येथवरच होते असे मानील. खंदकाची माती मात्र वेगळी साक्ष देते.

यात एक पेच आहे. पीक ज्या खुणा दाखविते, त्याच खुणा पीक काढण्यासाठी फिरणारा नांगर दरवर्षी थोड्याथोड्या खरवडून टाकतो. १९८४ साली ही जागा नॉरफोकच्या पुरातत्त्व न्यासाकडे आली. पुढे नांगर थांबला व तेथे कुरण झाले. पण धान्याचे पीक गेले, म्हणजे पुरावा वाचण्याचे एक साधनही गेले, असे नव्हे काय? त्यावर उपाय विज्ञानानेच दिला. २००७ साली नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी जमिनीतील चुंबकत्वाचे सूक्ष्म फरक मोजून, एक कुदळही न मारता, रस्त्यांचा व इमारतींचा अधिक स्पष्ट नकाशा तयार केला.

जुन्या वस्तू खोदून काढणे म्हणजेच इतिहास, अशी आपली समजूत असते. उत्खननात मातीचे थर एकदा विस्कटले, की ते पुन्हा जुळत नाहीत. म्हणून खोदण्यापूर्वी नीट पाहणे, आणि पाहता येत असेल तर खोदणे टाळणे, हा केस्टरच्या शेताने शिकविलेला धडा आहे. ते शेत शतकानुशतके बोलत होते; एका कोरड्या उन्हाळ्यात, योग्य उंचीवरून, कोणीतरी ते ऐकले.