मालमोटारीचें पाणी

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मालमोटारीच्या यंत्राविषयीं लिहावें, आणि तेंही सारा जन्म रूपावली व संधिनियम शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या एकत्र कुटुंबांतील एक पुतण्या नोकरीच्या मागें न लागतां, कर्ज काढून एक जुनी मालमोटार घेऊन बसला. कराडहून चिपळुणास साखर न्यावी आणि येतांना जांभा दगड भरून कुंभार्ली घाट चढून यावें, हा त्याचा व्यवसाय. चार वर्षांपूर्वीं ऐन वैशाखांत त्याच घाटांत गाडीचें इंजिन बंद पडलें. तें पुन्हा उभें करण्यासाठीं धाकट्या सुनेच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. कारण शोधतां निघालें तें इतकेंच, कीं तीन वर्षें त्या गाडींत आमच्या परसांतील विहिरीचें पाणी भरलें जात होतें. गोडें, नितळ, पिण्याजोगें पाणी यंत्रास काय अपाय करणार, असें मींच एकदां म्हटल्याचें मला स्मरतें. तेव्हांपासून मिस्त्रीच्या दुकानांत खोक्यावर बसून जें पाहिलें व मागाहून वाचून पडताळलें, तें येथें सांगतों.

या यंत्राचा जनक रुडॉल्फ डीझेल यानें १८९३ सालीं आपली कल्पना ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, तेव्हां आपल्या यंत्रास थंडाव्यासाठीं पाणी लागणारच नाहीं, अशी त्याची समजूत होती. उष्णता बाहेर घालविणें म्हणजे इंधन वाया घालविणें, हा त्याचा तर्क. पहिलें प्रयोगयंत्र त्यानें पाण्याच्या वेष्टनावांचून बांधलें. तर्क अनुभवापुढें टिकला नाहीं. १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें जें यंत्र यशस्वी ठरलें, त्याच्याभोंवतीं पाणी खेळत होतें. आजही मालमोटारींत इंधनाच्या उष्णतेचा निम्म्याहून कमीच भाग प्रत्यक्ष कामीं येतो. बाकीची धुराबरोबर आणि पाण्याबरोबर बाहेर काढावी लागते. पंप पाण्यास सिलिंडरांभोंवतीं फिरवितो, तापलेलें पाणी समोरच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरतें, पंखा त्यांवर वारा ओढतो आणि निवलेलें पाणी परत आंत जातें. घाटांत गाडी मुंगीच्या पावलानें चालते. तेथें इंजिनावर भार पुरेपूर, आणि धांवतांना मिळणारा समोरचा वारा मात्र नाहीं. सर्व भिस्त पंख्यावर. म्हणूनच सपाटीवर झांकून राहिलेलें दुखणें घाटांत उघडें पडतें.

आतां विहिरीच्या पाण्याचा अपराध. ज्यांच्या घरीं तांब्याचा बंब आहे, त्या गृहिणींस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. बंबाच्या आंत जें पांढरें किटण धरतें, तेंच इंजिनाच्या पोटांत व रेडिएटरच्या नळ्यांत धरतें, आणि लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोहोंचूं देत नाहीं. पण आमच्या गाडीस खरा घाव बसला तो याहून सूक्ष्म होता. मिस्त्रीनें सिलिंडराचा लायनर, म्हणजे आंतील नळकांडें, काढून माझ्या हातीं दिला. आंतून आरशासारखा गुळगुळीत. बाहेरून, जेथें पाणी लागतें तेथें, एका बाजूस वाळवी लागल्यागत भोंकें.

“गुरुजी, हें पाण्यानं खाल्लंय,” तो म्हणाला.

पाणी पोलादास कसें खातें, हें मला पुढें उमगलें. इंधनाच्या प्रत्येक स्फोटाबरोबर दट्ट्या लायनरच्या भिंतीवर आपटतो व ती भिंत घंटेप्रमाणें थरथरते. ती मागें सरते त्या क्षणीं लगतच्या पाण्यांत वाफेचे बुडबुडे उठतात. ती पुढें येतांच ते भिंतीवरच फुटतात. एका बुडबुड्याचा मार कितीसा! पण मिनिटांतून शेंकडों वेळां तो एकाच जागीं बसला, कीं धातूचे कण उडूं लागतात. शेवटीं आरपार छिद्र पडून पाणी तेलांत मिसळतें. आमचें तेल ताकासारखें झालें होतें. बाजारांत जें कूलंट मिळतें, त्यांतील द्रव्यें लायनरवर एक पातळ थर धरतात आणि मार त्या थरावर जातो. थर झिजला तरी पुन्हा धरतो. नुसत्या पाण्यांत हें संरक्षण नाहीं.

तेव्हां कूलंट हें केवळ थंड प्रदेशांत पाणी गोठूं नये म्हणून घालावयाचें, हा समज सोडावा. बहुधा निम्में कूलंट व निम्में शुद्ध, क्षाररहित पाणी असें मिश्रण करतात. तें सुमारें १०७ अंशांस उकळतें, आणि रेडिएटरच्या झांकणानें धरलेल्या दाबामुळें उकळण्याची मर्यादा आणखी वर जाते. रंग पाहून दोन जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत. रंग ही जात नव्हे. कोणतें घालावें व किती दिवसांनीं बदलावें, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत असतें. आमचें पुस्तक कपाटांत कोरें करकरीत होतें! वाटेंत दरवेळीं साधें पाणी ओतीत गेल्यास मिश्रण पातळ होऊन सारा खर्च व्यर्थ जातो. आणि वरचेवर पाणी कमी होत असेल, तर तें कोठें जातें याचा शोध आधीं घ्यावा. पंपाच्या खालीं एक लहान भोंक असतें, त्यांतून थेंब पडूं लागले कीं पंपाचें सील गेलें असें समजावें.

रेडिएटरपुढें, टर्बो असलेल्या गाडींत, हवा निवविण्याची दुसरी जाळी असते. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर पाचट उडत असतें, तें या दोन जाळ्यांच्या मध्यें जाऊन बसतें. बाहेरून पाहणारास सर्व स्वच्छ दिसतें. धुतांना पाणी पंख्याच्या बाजूनें बाहेर मारावें, आणि जोर बेताचा ठेवावा, नाहींतर पातळ पत्रे वांकतात.

थर्मोस्टॅट काढून टाकला कीं गाडी गार राहते, असें छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचें ऐकूं नये. त्यावांचून इंजिन योग्य उष्णतेस येत नाहीं व लवकर झिजतें. आणि कित्येक इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनें फिरतें व गाडी उलट अधिकच तापते.

कांटा तांबड्या खुणेकडे चालला, तर गाडी बाजूस घ्यावी. पाणी शाबूत असेल तर इंजिन कांहीं मिनिटें संथ चालूं द्यावें. पाणी गळून गेलें असेल तर तत्काळ बंद करावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. आणि गरम रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. दाब सुटतांच आंतील पाणी एकदम उकळून कारंज्यासारखें उसळतें. त्या दिवशीं घाटांत आमच्या क्लीनर पोरानें घाईनें झांकण फिरविलें. त्याच्या उजव्या हाताचा डाग अद्याप गेलेला नाहीं. त्याचें वय तेव्हां एकोणीस होतें.

आणखी एक गोष्ट विशेषेंकरून घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं. साधारण कूलंटांतील ग्लायकॉल गोड लागतें आणि विषारी असतें. काढलेलें कूलंट अंगणांत किंवा गोठ्याजवळ ओतूं नये, उघड्या भांड्यांत ठेवूं नये; मूल काय अन् वासरूं काय, गोडीस भुलतें. आमच्याकडे तो डबा आतां कुलपांत असतो.

पाटल्या गेल्या दिवाळींत सुटल्या. पुतण्यानें एक वही घातली आहे. तींत कूलंट बदलल्याचा दिनांक, गाडीचे किलोमीटर आणि पट्टा तपासल्याची नोंद असते. अक्षर त्याच्या धाकट्या मुलीचें आहे. दर रविवारीं ती बापास विचारून लिहिते आणि शुद्धलेखनासाठीं वही माझ्याकडे आणते.