भीड आणि भागीदारी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रेडिंगच्या आमच्या घरी वहीपूजन होतं. हिशेब आता लॅपटॉपवर असतो, तरी शेजारी एक लाल वही ठेवून तिला हळदकुंकू वाहायची सासूबाईंची रीत मी मोडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र त्या वहीतलं एक पान उघडायला मी आणि नवरा दोघंही कचरत होतो. त्या पानावर आमच्या भागीदाराचं नाव होतं.

नवरा आणि त्याचा कॉलेजपासूनचा मित्र (मी त्यांना भावोजी म्हणते) यांनी डबे आणि समारंभाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणारी छोटी लिमिटेड कंपनी काढली होती. दोघेही डायरेक्टर, शेअर निम्मे-निम्मे. बिलं आणि वसुली माझ्याकडे. वडिलांचं आजारपण निघालं, तेव्हा भावोजींनी तीन आठवड्यांत इथलं सगळं आवरून पुण्याला परत जायचं ठरवलं. अशा वेळी पैशाचं कोण बोलणार? आम्ही विमानतळावर सोडायला गेलो, डोळे पुसले आणि हिशेब "नंतर बघू"वर राहिला.

तो "नंतर" दीड महिन्याने आला. एका लग्नाच्या ऑर्डरीचे २,४०० पौंड यायचे होते. आठवण केली तर गिऱ्हाईक म्हणालं, "ते तर केव्हाच तुमच्या पार्टनरच्या खात्यात भरले." म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खात्यात! त्या रात्री मला झोप लागली नाही. तिकडून पुण्याचे फोनही कमी झाले होते. सुरुवातीला घातलेल्या ६,००० पौंडांबद्दल आम्ही मुद्दाम गप्प आहोत, असं त्यांना वाटत होतं. दोन्ही घरांच्या मनात अढी, आणि विचारत कोणीच नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

शेवटी, शाळेत फळ्यावर आखायचे तसे मी एका कागदावर रकाने आखले. आधी अकाउंटंटशी बोलले. लिमिटेड कंपनीत "पार्टनर" हा आपल्या बोलण्यातला शब्द. कायद्याच्या नजरेने तो माणूस तीन वेगळ्या नात्यांनी कंपनीशी बांधलेला असू शकतो: डायरेक्टर म्हणून, शेअरधारक म्हणून आणि कंपनीला उसने पैसे देणारा म्हणून. तो निघाला की तिन्ही गाठी वेगवेगळ्या सोडवाव्या लागतात.

पहिली गाठ सोपी. राजीनामा झाला की १४ दिवसांत कंपनीज हाउसला टीएम०१ फॉर्मने कळवायचं. बँकेतले सहीचे अधिकार मात्र वेगळे काढून घ्यावे लागतात.

दुसरी गाठ शेअरांची. राजीनाम्याने शेअर जात नाहीत. निम्मी कंपनी अजून भावोजींचीच होती. पुढे नवऱ्याने ते शेअर स्वतःच्या पैशांतून २,००० पौंडांना घेतले. हस्तांतराच्या फॉर्मवर सही झाली. किंमत १,००० पौंडांच्या वर होती, म्हणून अर्धा टक्का स्टँप ड्यूटी, म्हणजे १० पौंड, भरली.

तिसरी गाठ उसन्या पैशांची. भावोजींचे ६,००० हे त्यांनी कंपनीला दिलेलं कर्ज. ते फेडायचं कंपनीने, नवऱ्याने नव्हे. आणि परत मिळालेल्या मुद्दलावर त्यांना आयकर नाही. पण हे खातं दोन्ही बाजूंनी चालतं. भावोजींनी कंपनीच्या कार्डावर घरच्यांची ९०० पौंडांची तिकिटं काढली होती, "नंतर भरतो" म्हणून. एखाद्या डायरेक्टरचं खातं उणे असेल आणि हिशेबाचं वर्ष संपून नऊ महिने एक दिवस झाला तरी ते भरलं गेलं नाही, तर कंपनीवर जादा कर बसतो.

मग एका रविवारी व्हिडिओ कॉल लावला आणि मी कागद ओळीने वाचत गेले. २,४०० च्या ओळीवर माझा आवाज अडला. भावोजी म्हणाले, "वहिनी, त्यातूनच मी घाऊकवाल्याचे १,१५० दिले. निघायच्या आदल्या दिवशी तो पैशासाठी दारात उभा होता. पावती पाठवायची राहिली बघा." पाच मिनिटांत पावतीचा फोटो आला. उरलेले १,२५० कंपनीचे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी मनात काय काय रचलं होतं, ते आठवून मान खाली गेली.

बाकी बेरीज-वजाबाकी. ६,००० मधून ९०० आणि १,२५० वजा, राहिले ३,८५०. महिन्याला ३८५ प्रमाणे दहा हप्ते. हे सगळं त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहिलं आणि दोघांनी उत्तरात "मान्य" लिहिलं.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. व्हॅनच्या कर्जाला दोघांची वैयक्तिक हमी होती. डायरेक्टरपद सोडल्याने अशी हमी सुटत नाही. कर्ज देणाऱ्याने लेखी मोकळं करेपर्यंत ती मानेवर राहते. ते पत्र हातात यायला चार महिने लागले.

ज्यांची कंपनी नाही, साधी भागीदारी आहे, त्यांना १८९० चा पार्टनरशिप कायदा लागतो. बाहेर पडणारा भागीदार आधीच्या देण्यांतून आपोआप सुटत नाही. जुन्या व्यापाऱ्यांना कळवलं नाही, तर नंतरच्या उधारीसाठीही ते त्याला धरू शकतात. म्हणून प्रत्येकाला पत्र आणि शिवाय लंडन गॅझेटमध्ये सूचना द्यावी. हिशेब न मिटवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर गेलेल्याला त्याच्या रकमेवर नफ्यातला वाटा किंवा ५ टक्के व्याज मागता येतं.

साध्या येण्यासाठी इंग्लंड-वेल्समध्ये दावा लावायला सहा वर्षांची मुदत असते. आमची मैत्री दीड महिन्यातच मोडायला आली होती.

दहावा हप्ता गेला, त्या दिवशी ताईंचा, भावोजींच्या बायकोचा, फोन आला. पैशाबद्दल चकार शब्द नाही. चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारत होत्या. मंडळातलं एक तरुण जोडपं आता मित्राबरोबर धंदा काढतंय. त्यांना मी एवढंच सांगितलं: पहिल्या ऑर्डरीच्या आधी, निघायची वेळ आली तर काय करायचं, त्याचं पान लिहून काढा. तेव्हा ते लिहिताना कोणाला वाईट वाटत नाही.