पोरगं उंच आहे, पण खेळवायचं कुठं?

ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. रेकॉर्डिंग जाफराबादच्या घरूनच केलंय. मधे दोनदा ट्रॅक्टर गेला, तेवढं इथे गाळलंय. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्यात.

माझ्या ऑफिसातल्या टीममधे दोघं जण एनबीएचे वेडे आहेत. जून आला की त्यांचं कामात लक्ष नसतं, कारण तिकडे ड्राफ्ट असतो. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. दोन फेऱ्या होतात, क्लब एकामागून एक पोरं निवडतात, आणि मागच्या वर्षी जे संघ मागे पडले त्यांना पहिला नंबर मिळायची शक्यता जास्त. पोराने कुठे जायचं हे पोरगा ठरवत नाही. त्याआधी त्याला अक्षरशः मोजतात. बूट काढून उंची, दोन्ही हात पसरून लांबी, हात वर करून कुठवर पोचतो ते, वजन, उडी, सगळं. आणि मग चाहत्यांची भांडणं सुरू होतात: हा या जागेसाठी बुटका आहे, त्या जागेसाठी हळू आहे, आणि मुलाखतीत बघितलंस का कसा बोलतो, याचा ॲटिट्यूड बरा नाही.

आपल्याकडचा सतनामसिंग भामरा आठवतो का? पंजाबचा, सात फुटांहून उंच. २०१५ मधे डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमधे निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. उलट ड्रेमंड ग्रीन बघा. २०१२ मधे तो ३५ वा गेला. एका जागेसाठी कमी उंच आणि दुसऱ्या जागेसाठी कमी चपळ, म्हणजे धड ना इकडचा ना तिकडचा, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. २०१७ मधे तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आता हे सगळं मी जाफराबादेत बसून का सांगतोय? कारण हेच भांडण आमच्याकडे रोज संध्याकाळी चालतं. फक्त बास्केटबॉलऐवजी कबड्डी, आणि क्लबऐवजी चहाच्या टपरीवरचे आम्ही सहा-सात जण. विषय एकच: जवळच्या खेड्यातून सरावाला येणारा अठरा वर्षांचा एक पोरगा. नाव सांगत नाही, आपण त्याला लंबू म्हणू. आम्ही पण त्याला मोजलं बरं का. उंची भिंतीवर पेन्सिलची खूण करून आणि वजन आडतीच्या काट्यावर. सहा फूट एक इंच, म्हणजे १८५ सेंटिमीटर. वजन ७२ किलो.

मित्र म्हणतो, "एवढा उंच हाय, डोळे झाकून चढाईला टाका." शेजारचे काका जुने खेळाडू, मातीवर खेळलेले. ते म्हणतात, "उंच पोरगं कोपऱ्यात कामाचं नाही, वाकेपर्यंत रेडर घरी जातो." तिसरा म्हणतो, "काहून डोकं लावता? त्याला माज हाय, तो कुठंच चालायचा नाही." हा तिसरा माणूस म्हणजे मी. त्यावर येतो नंतर.

आधी उंचीचा हिशोब करू, कारण तिथे खरंच हिशोब करता येतो. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून मागच्या रेषेपर्यंत एका बाजूचं अंगण साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली, गडी टिपला आणि मागून पकड बसली, तर त्याला काय करायचं असतं? शरीराचा कुठलाही भाग मध्यरेषेला लावायचा असतो. बोटाचं टोकही चालतं.

माणसाने हात डोक्यावर ताणला की त्याची लांबी उंचीच्या साधारण १.३ पट होते. लंबूची होते २.४० मीटर. पाय निदान रेषेवर अडकलेत आणि तो मध्यरेषेकडे आडवा पडला, तर उरतात १.३५ मीटर. पाच फूट सात इंचाच्या पोराची लांबी होते २.२१, त्याचे उरतात १.५४. फरक १९ सेंटिमीटर, एक वीतसुद्धा नाही. पण टीव्हीवर तुम्ही बघितलंय, किती गुण बोटभर अंतराने जातात. म्हणजे मित्राचं म्हणणं अगदीच हवेत नाही.

फक्त त्या हिशोबात एक गोष्ट येत नाही. उंच माणसाचा तोल वर असतो. त्याला उचलणं सोपं, ढकलणं सोपं. बुटका चढाईपटू पकडीच्या खालून निघतो. प्रदीप नरवालची डुबकी आठवा. साखळी समोर आली की हा तिच्या हाताखालून वाकून पार. प्रो कबड्डीत त्याचे चढाईचे १८०० च्या वर गुण झाले आणि ते उंचीच्या जोरावर झालेले नाहीत. दुसऱ्या टोकाला आपला सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. लोक त्याला बाहुबली म्हणायचे. अंगावर दोघं-तिघं लटकलेले असताना त्यांना ओढत मध्यरेषेवर यायचा. यू मुंबाने २०१८ मधे त्याला ३६ लाखांच्या आसपास घेतलं आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. दोघंही चढाईपटू, पण सुटायच्या पद्धती एकमेकांच्या उलट. त्यामुळे "चढाईला उंच पाहिजे का" हा प्रश्नच अर्धा आहे. तो सुटतो कसा, हे आधी बघायला पाहिजे.

आता जागा. ज्यांनी कबड्डी फक्त रील्समधे बघितलीय त्यांच्यासाठी सांगतो. सात जण अर्धगोलात उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, म्हणजे कॉर्नर. त्यांच्या आत दोन इन, मग दोन कव्हर आणि एक मधला. इनला बहुतेक वेळा चढाईपटूच उभे असतात. कॉर्नरचं मुख्य हत्यार घोटापकड आणि मांडीची पकड. चढाईपटू वळला किंवा त्याने पाय पुढे टाकला की त्या क्षणी खाली जाऊन घोटा धरायचा. कव्हरचं काम वेगळं. कॉर्नरने घोटा धरला की पाठोपाठ पोचून गड्याला थोपवायचं, छातीने अडवायचं किंवा धडक देऊन बाहेर घालवायचं. कॉर्नर चुकला तर एक गुण जातो. कव्हरने घाई केली तर कधीकधी तीन जातात, कारण त्याच्यासोबत साखळी पण पुढे आलेली असते.

डावा आणि उजवा कोपरा पण सारखे नाहीत. डाव्या कोपऱ्यातल्या माणसाच्या डाव्या हाताला लगेच रेषा असते आणि सगळा खेळ उजवीकडे घडतो. उजव्या कोपऱ्यात बरोबर उलटं. एका बाजूला सवय झालेला गडी दुसऱ्या बाजूला ठेवला तर तो डावखुऱ्याच्या हातात उजव्या हाताची कात्री दिल्यासारखा दिसतो. यू मुंबाच्या सुरुवातीच्या वर्षांत डावीकडे सुरेंदर नाडा आणि उजवीकडे मोहित छिल्लर असायचे. त्या जोडीत कोण कुठे हे कधी बदललं नाही, ते यामुळेच.

मग काकांचं "उंच पोरगं कोपऱ्यात नको" हे खरं का? पटण्यासारखं आहे. लांब पायाच्या माणसाला खाली जायला क्षणभर जास्त लागतो. मी पण मान डोलावली होती. मग मला मोहम्मदरझा शादलू आठवला. इराणचा, चांगला उंच, धिप्पाड आणि खेळतो कुठे? डाव्या कोपऱ्यात. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, त्याने पकडीचे ९९ गुण काढले आणि मार्च २०२४ मधे पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला. त्याचे हात एवढे लांब की दुसऱ्याला जिथे झेप घ्यावी लागते, तिथे तो फक्त वाकतो. काकांना मी मोबाईलवर त्याची एक पकड दाखवली. दोनदा बघितली. मग म्हणाले, "हा इराणी हाय, याचं वायलं." असो.

त्याच पलटणचा कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. चढाई करतो आणि पकडही करतो. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या त्या संघात असे दोन्हीकडचे गडी बरेच होते. आता यात लंबूसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की अस्लम मोठ्या लिलावातून आलेला नाही. प्रो कबड्डीत एनबीएसारखा ड्राफ्ट नाही, पैशाचा लिलाव आहे. ए, बी, सी, डी असे चार गट. अलीकडच्या हंगामांत मूळ किंमत ३०, २०, १३ आणि ९ लाख. पण त्याला एक बाजूचं दार आहे, नव्या तरुण खेळाडूंसाठी. तिथून संघ कमी पैशात पोरं घेतात आणि घडवतात. अस्लम आणि मोहित गोयत दोघंही २०२१ मधे पुण्यात या दारानेच आले. तिथे घेताना पोरगा आत्ता काय आहे यापेक्षा दोन वर्षांनी काय होईल ते बघतात.

पण जिल्ह्याच्या निवड चाचणीत दोन वर्षांनंतरचं कोणी बघत नाही. तिथे साठ-सत्तर पोरं रांगेत असतात आणि टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, "काय खेळतो?" जे उत्तर द्याल ते नावापुढे लागतं. पुढची कित्येक वर्षं ते निघत नाही. लंबूला ही चाचणी येत्या रविवारी आहे.

आणि वजनाचा घोळ आहेच. कुमार गटाची मर्यादा ७० किलो, हा ७२. टपरीवर लगेच उपाय निघाला: दोन दिवस पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळायचं. मी हात जोडून सांगतो, कोणी असं करू नका आणि कोणाला सांगू नका. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी अंगातून गेलं की दमसास उतरतो, आणि ७२ तले दोन किलो म्हणजे जवळपास तीन टक्के. काट्यावर पास होईल आणि मैदानावर पहिल्या दहा मिनिटांत बसेल. त्यापेक्षा खुल्या गटात ८५ किलोची मर्यादा आहे, तिथे उतरावं. समोर दहा-बारा किलोने जड गडी येतील हे खरं, पण उभा तरी राहील.

आता ॲटिट्यूड. मागच्या महिन्यातल्या भागात मी लंबूबद्दल बोललो होतो. नाव घेतलं नव्हतं, पण जाफराबाद केवढं आहे? सगळ्यांना कळलं. मी म्हणालो होतो की पोरगा गुणी आहे, पण सरावाला उशिरा येतो, मधेच न सांगता निघून जातो, सांगितलेलं ऐकताना खाली बघतो, त्याला माज आहे. माझं हे बोलणं तो भाग ऐकणाऱ्या प्रत्येकाने फॉरवर्ड केलं. पुणेरी पलटणबद्दल सांगताना मीच शादलूचं कौतुक करतो, जो पकड झाली की मांडी ठोकून अख्ख्या स्टेडियमला दाखवतो. त्याला आपण जोश म्हणतो. अठरा वर्षांचं पोरगं खाली बघतं, तर त्याला माज.

चार दिवसांनी त्याच्या चुलत भावाचा व्हॉइस मेसेज आला. चिडलेला नव्हता, उलट मला दादा-दादा करत होता, त्यामुळे जास्त लागलं. शेतीची लाईट त्यांच्याकडे एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची असते, हे मला शेतकऱ्याच्या घरात वाढूनही सुचलं नाही. वडिलांची कंबर गेलीय. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला हा जातो, पहाटे तीन-चारला घरी येतो. मधेच निघून जातो कारण त्याच्या गावाकडची शेवटची काळीपिवळी तेव्हाच सुटते. आणि सांगून का जात नाही? पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा कोणीतरी "मोटारीला जायचंय व्हय रे पाटील" म्हणून हसलं होतं. आम्हीच कोणीतरी. मी पण असेन, मला आठवत नाही.

मी हजेरी काढली. प्रशिक्षक मोबाईलवर लिहून ठेवतात, ती घेऊन एक्सेलमधे टाकली. सवयच आहे तशी, बीटेक करून दुसरं काय शिकलो? सात आठवड्यांत तो उशिरा आला नऊ वेळा. त्यातले आठ रात्रीच्या लाईटच्या आठवड्यातले. नववा दिवस बैलपोळ्याला आलेल्या माझ्या आत्याच्या पोरासारखा, त्याचं कारण कोणालाच माहीत नाही. तेवढं त्याचं त्याच्याकडे राहू द्या.

परवा मी त्याला भेटलो. माफी मागितली, ती कशी मागतात ते मला नीट जमत नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा." मग मी विचारलं, रविवारी टेबलावर काय सांगणार? एवढे दिवस आम्ही सहा-सात जणांनी त्याची जागा ठरवली आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "डावा कोपरा. तिथून समदे दिसतात. अन् रेडरचा पाय उचलायच्या आधी मला कळतं, काहून ते सांगता नाही येत." चढाई? "ती पण करतो. पण मंग मला कोपऱ्यात उभं राहू देत नाहीत."

मागच्या भागातला तो एक मिनिट दहा सेकंदांचा तुकडा मी काढून टाकलाय. ज्यांनी डाऊनलोड करून ठेवलाय, त्यांनी जुनी फाइल पुसून नवी घ्यावी. चाचणी रविवारी सकाळी आहे. या आठवड्यात त्यांच्याकडे लाईट दिवसाची आहे.