उशाशी बसताना – भाग ६ : खाटेवरून उठवताना

पोटाच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर सांगून जातात, "आज यांना चालवा." टाके ओले, हाताला सलाईन, नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागतात. नाशिकमधलं त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय असो की पंचवटीतलं घर, ही घालमेल सारखीच असते.

म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात रुग्णाला उठवणं, वळवणं, चालवणं पहिल्याच वर्षी शिकवतात. घरच्यांना मात्र ते कुणी शिकवत नाही, आणि घरी गेल्यावर सगळं त्यांच्याच हाती येतं.

चालवायचं कशासाठी? पायातलं रक्त वर हृदयाकडे नेण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस निजून राहिला की ते थांबतं, रक्त साकळतं आणि खोल शिरेत गुठळी धरू शकते. रक्ताचा मंदावलेला वेग, शिरेला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही तीन कारणं रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखली जातात. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. रक्त साकळू नये म्हणून जागेपणी दर तासाला दहा-बारा वेळा पावलं वर-खाली हलवायला लावावीत. हाड मोडलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायला हवी. एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळू नका. आपल्याकडे मायेचा हात आधी पायावरच जातो. पण चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. असा पाय त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करा.

उठवताना घाई नको. आधी कुशीवर वळवा, मग पाय खाली सोडून काठाशी बसवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर भोवळ येऊन माणूस पडू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच बसवा.

अर्धांगवायू झालेल्याला चाकांच्या खुर्चीत घेताना खुर्ची धडधाकट बाजूला लावा. चाकांचे ब्रेक लावा, पावलं ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. काखेत हात घालून ओढू नका. लुळ्या बाजूचा खांदा सहज निखळतो. आधार कमरेला द्या. स्वतःचे गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून वजन घ्या, म्हणजे तुमचीही कंबर वाचेल.

उठताच येत नसेल, तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला. पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेवलं तर माकडहाडावरचा भार कमी होतो.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आज त्यांच्या टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे. त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि परिचारिकेला दाखवा.