पहारेकऱ्याची बंदूक कोणाच्या खर्चाने विकली जाते?

बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी आपण रोज पाहतो. ती बंदूक पुष्कळदा बँकेची नसते. माजी सैनिक म्हणून मिळालेल्या नोकरीसाठी त्याने ती पदरमोड करून घेतलेली असते. तो वारला की खरा हिशेब सुरू होतो.

1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 21 व्या कलमाप्रमाणे वारसांनी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. लोक दुकान पसंत करतात, कारण गिऱ्हाईक तेथेच भेटते. पण तेव्हापासून ठेवणावळ चालू होते, आणि विक्रीवरची दलाली निराळीच. आमच्या एका सभासदाची विधवा जामखेडहून नगरला किती खेपा घालत होती! ठेवणावळ वजा जाता हाती आले ते एस. टी.च्या भाड्यालाही पुरले नाही. दुकानदार लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. दर कागदावर नव्हता, एवढेच. शिवाय ठरलेल्या मुदतीत विक्री झाली नाही, तर बंदूक सरकारजमा होऊ शकते.

हयातीत मात्र वाट सोपी आहे. 5 व्या कलमाप्रमाणे स्वतःच्या वापराची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकता येते. जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्यास खरेदीदाराच्या नावपत्त्यासह लेखी कळवून 45 दिवस थांबावयाचे. मध्ये दलाल नाही. म्हणून निवृत्तीला सहा महिने उरले की आम्ही पहारेकऱ्याला बोलावून हा अर्ज लिहून देतो.