वकीलपत्रावर सही करण्याआधी
काष्टीच्या बाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी बैलाचा इसार देत नाही. कोर्टात मात्र तोच माणूस वकीलपत्रावर डोळे झाकून सही करतो. वकीलपत्र म्हणजे बाजू मांडण्याचा अधिकार. फी तारखेगणिक की पूर्ण दाव्याची, स्टॅम्प-झेरॉक्सचा खर्च कोणाचा, अपील त्यात धरलंय का, हे त्यात बहुधा नसतंच. ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावं, पैशांची पावतीही मागावी. विश्वासाच्या माणसाकडे कागद कसा मागायचा, असा संकोच असतो; पण 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवल्यावर हा संकोच महागात पडू शकतो.

भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासारख्या दाव्यात ‘जिंकलो तर इतके टक्के’ ही बोली मोहक वाटते. रोकड नसलेल्याला तीच परवडते, हे म्हणणं खोटं नाही. तरीही बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही टक्केवारीची फी बेकायदा ठरवली. फी टप्प्याटप्प्याने ठरवता येते. शिवाय स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. आणि फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे 2000 सालीच ठरलं आहे. वसुलीसाठी त्याला दुसरे कायदेशीर मार्ग मोकळे आहेत.